जुनी क्रेडिट्स नव्या कॉलेजात: किती घेतली त्यापेक्षा कुठे बसवली ते बघा

अर्धवट सुटलेली पदवी दहा-पंधरा वर्षांनी ऑनलाइन पुरी करायला निघालेल्या माणसाला अमेरिकेतलं कॉलेज सुरुवातीलाच एक आकडा कळवतं: ‘तुमची ५८ क्रेडिट्स आम्ही घेतली.’ ऐकून हायसं वाटतं. पण त्या आकड्यावर पुढच्या दोन वर्षांचं गणित मांडू नका. क्रेडिट (कोर्सच्या कामाचं माप) घेणं वेगळं आणि ते पदवीच्या एखाद्या अटीत बसणं वेगळं. घेतलं पण कुठेच बसलं नाही, असं क्रेडिट ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या कोर्स-ग्रेडच्या नोंदपत्रावर, नुसतं शोभेला राहतं. तुमची फी त्याने कमी होत नाही, की एक कोर्सही वाचत नाही.

म्हणून एका उदाहरणाने सुरुवात करू. समजा, कोणाकडे कम्युनिटी कॉलेजची (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजची) ४८ सेमिस्टर क्रेडिट्स आहेत, आणि दुसऱ्या एका कॉलेजची २४ क्वार्टर क्रेडिट्स. क्वार्टर हे सेमिस्टरहून छोटं सत्र, म्हणून क्वार्टरचं सेमिस्टर करताना दोन-तृतीयांश धरतात, म्हणजे २४ ची झाली १६. एकूण ६४. त्यातल्या एका ३ क्रेडिटच्या कोर्सला डी ग्रेड आहे, तो गळला. एक ३ क्रेडिटचा कोर्स पूर्वतयारीचं गणित आहे, म्हणजे कॉलेज पातळीच्या खालचा, तोही गळला. उरली ५८, आणि पत्रात हाच आकडा येतो. आता ही ५८ कुठे गेली ते पाहा: ३६ जनरल एज्युकेशनमध्ये (सगळ्यांना सक्तीचे सामान्य विषय), ९ मेजरमध्ये (मुख्य विषय), १३ फ्री इलेक्टिव्हमध्ये (आवडीने निवडायचे विषय). पण निवडलेल्या पदवीत फ्री इलेक्टिव्हला जागाच ६ क्रेडिट्सची असेल, तर १३ पैकी ७ वाया गेली. कामाची क्रेडिट्स ५१. राहिलेलं अंतर ६२ नाही, ६९. दोन कोर्स आणि वर एक क्रेडिट, हा पत्रात न लिहिलेला खर्च.

हा तोटा किरकोळ समजू नका. अमेरिकी काँग्रेससाठी तपासणी करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २०१७ साली दिलेल्या अहवालात २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी सुमारे ४३ टक्के क्रेडिट्स बुडाल्याचा अंदाज आहे.

क्रेडिटचं माप

चार वर्षांची बॅचलर पदवी बहुतेक ठिकाणी १२० सेमिस्टर क्रेडिट्सची असते, दोन वर्षांची असोसिएट ६० ची. एक क्रेडिट म्हणजे ढोबळमानाने पंधरा आठवडे, दर आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास घरचा अभ्यास. ऑनलाइन कोर्सला वर्गाचा तास नसला तरी कामाचं माप तेवढंच धरतात. आणि बहुतेक कॉलेजं ट्रान्सक्रिप्टवर ‘हा कोर्स ऑनलाइन केला’ असं लिहीतही नाहीत. दूरशिक्षणाचा शिक्का आपल्याला नडेल ही भीती अनेकांना असते, पण क्रेडिट नाकारलं जाण्याचं कारण सहसा ते नसतं. अपवाद प्रयोगशाळेचा. नर्सिंग किंवा मेडिकलकडे जायचं असेल, तर जीवशास्त्र-रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल प्रत्यक्ष केलं होतं का, हे विचारणारी कॉलेजं आहेत. तिथे आधी विचारून घ्या.

क्वार्टर आणि सेमिस्टर यांच्यातली गफलत मात्र वारंवार होते. क्वार्टर पद्धतीतला ५ क्रेडिटचा कोर्स सेमिस्टरमध्ये ३.३३ होतो, त्याची अडचण नाही. ४ क्रेडिटचा कोर्स २.६७ होतो, आणि अट ३ ची असते. इथे दोन प्रकार घडतात. काही कॉलेजं विषयाची अट पुरी झाली असं मानतात आणि उरलेलं ०.३३ क्रेडिट इतर कुठल्याही कोर्सातून भरून घ्या म्हणतात. काही कॉलेजं विषयच अपुरा धरतात. पहिल्या प्रकारातही असे चार-पाच कोर्स असले की शेवटी १२० ऐवजी ११८.३५ वर गाडी अडते आणि पदवीच्या तोंडावर एक जादा कोर्स गळ्यात पडतो. हा हिशेब पहिल्याच दिवशी करायचा असतो.

मान्यता आधी बघा

जुनं कॉलेज कोणाच्या मान्यतेचं होतं, यावर जवळजवळ सगळं अवलंबून आहे. जिला आजही ‘रीजनल ॲक्रेडिटेशन’ म्हणतात, ती देणाऱ्या मोजक्या संस्था आहेत: हायर लर्निंग कमिशन, मिडल स्टेट्स, न्यू इंग्लंड, नॉर्थवेस्ट, सदर्न असोसिएशन, वेस्टर्न असोसिएशन. अमेरिकी शिक्षण खात्याने २०२० पासून ‘रीजनल’ आणि ‘नॅशनल’ हा भेद आपल्या नियमांतून काढून टाकला. कागदावर दोन्ही सारखे. पण कोणाचं क्रेडिट घ्यायचं हे प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवतं, आणि बऱ्याच कॉलेजांच्या नियमावलीत जुना भेद अजून ठाण मांडून आहे. नॅशनल मान्यतेच्या धंदेशिक्षण संस्थेतली क्रेडिट्स घेऊन सरकारी विद्यापीठात गेलात, तर ‘सगळी नाकारली’ हे उत्तर ऐकायची तयारी ठेवा. मान्यता तपासायची तर शिक्षण खात्याच्या साइटवरची मान्यताप्राप्त संस्थांची यादी बघा. कोर्स केला त्या वर्षी मान्यता होती का, हे महत्त्वाचं. आज आहे की नाही हा प्रश्न दुय्यम.

जुनं कॉलेज बंद पडलं असेल तर घाबरू नका. बंद पडलेल्या कॉलेजांचे ट्रान्सक्रिप्ट साधारणपणे त्या राज्याच्या उच्चशिक्षण खात्याकडे किंवा त्याने नेमलेल्या दुसऱ्या कॉलेजाकडे सोपवलेले असतात.

ग्रेडचं काय होतं

मोठ्या वयात परत येणाऱ्याला सर्वांत जास्त धाकधूक असते ती जुन्या ग्रेड्सची. विसाव्या वर्षी घरच्या अडचणीत, नोकरीच्या धबडग्यात पडलेले सी आणि एफ आता पुन्हा मानगुटीवर बसणार का?

बहुतेक कॉलेजांत उत्तर असं आहे: ग्रेड फक्त दारावरच्या पहारेकऱ्यासारखी वापरतात. सी किंवा त्याच्या वर असेल तर क्रेडिट आत येतं, आणि ग्रेड दाराबाहेरच थांबते. नव्या कॉलेजचा जीपीए, म्हणजे ४ पैकी काढलेली ग्रेड्सची सरासरी, शून्यापासून सुरू होतो. जुना ए तुम्हाला वर ओढत नाही, जुना सी खाली ओढत नाही. सी मायनस हा मधला काटा आहे. चार बिंदूंच्या मोजणीत त्याचे १.७ होतात आणि अट २.० ची असल्याने बरीच कॉलेजं तो घेत नाहीत. काही घेतात. डी सहसा जात नाही. अपवाद असा, की कम्युनिटी कॉलेजमधून पूर्ण असोसिएट पदवी मिळवली असेल आणि दोन कॉलेजांत करार असेल, तर काही ठिकाणी सगळी पदवी एकगठ्ठा घेतात आणि आतला एखादा डी त्यात खपून जातो. एखाद-दोन कोर्स बाकी असताना कम्युनिटी कॉलेज सोडलं असेल, तर ते आधी पुरे करून असोसिएट पदवी पदरात पाडून घेणं पुष्कळदा फायद्याचं ठरतं. आणि ते जमलं नाही तरी ‘रिव्हर्स ट्रान्सफर’ची सोय आहे का ते विचारा. त्यात नव्या कॉलेजची क्रेडिट्स मागे पाठवून जुन्या कॉलेजची असोसिएट पदवी पुरी करून घेता येते.

पण ग्रेड दाराबाहेर थांबली म्हणजे पुसली गेली असं नाही. ती तीन ठिकाणी पुन्हा भेटते.

पहिलं ठिकाण प्रवेश. क्रेडिट घेताना ग्रेडचा जीपीए धरत नसले, तरी प्रवेश देताना सगळ्या जुन्या कॉलेजांचा मिळून जीपीए २.० आहे का, हे बघतात. नर्सिंग, अकाउंटिंग अशा मेजरना त्याहून जास्त लागतो.

दुसरं, ऑनर्स. पदवीवर ‘कुम लाउडे’ हा गौरवाचा शेरा लागण्यासाठी काही कॉलेजं स्वतःकडची ठरावीक क्रेडिट्स पुरी झालेली मागतात, काही जुने-नवे ग्रेड एकत्र धरतात. ९० क्रेडिट्स बाहेरून आणणाऱ्याला पहिल्या प्रकारच्या कॉलेजात ४.० असूनही ऑनर्स मिळत नाही.

तिसरं, मेडिकल आणि लॉ. एमडीच्या प्रवेशाचं केंद्रीय अर्जखातं आमकास आणि लॉ स्कूलचं एलसॅक हे प्रत्येक कॉलेजचा मूळ ट्रान्सक्रिप्ट मागवून जीपीए स्वतः नव्याने काढतात. आमकासमध्ये तर पुन्हा दिलेल्या कोर्सचे दोन्ही ग्रेड मोजले जातात. हिशेब बघा: जुनी ४० क्रेडिट्स १.९ ने, म्हणजे ७६ गुणबिंदू. नवी ८० क्रेडिट्स ३.६ ने, म्हणजे २८८. बेरीज ३६४, भागिले १२०, उत्तर ३.०३. नव्या कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर ३.६ दिसतात, अर्जात ३.०३.



आता एक उलटी बाजू. ज्या कॉलेजात नापास झालात त्याच कॉलेजात परत जात असाल, तर जुने एफ अजून तुमच्या जीपीएत जिवंत आहेत. तिथे ‘ॲकॅडेमिक रिन्यूअल’, ‘फ्रेश स्टार्ट’ किंवा ‘ग्रेड फर्गिव्हनेस’ नावाची सोय असते का ते विचारा. मध्ये ठरावीक वर्षांचा खंड आणि परत आल्यावर काही क्रेडिट्स चांगल्या ग्रेडने पुरी, अशी सहसा अट असते. हे आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो. आणि काही कॉलेजांत त्या जुन्या सेमिस्टरच्या वाईट ग्रेड्सबरोबर चांगल्या ग्रेड्सची क्रेडिट्सही जातात. एफ घालवायला गेलात आणि दोन बी गमावले, असं होऊ शकतं. दोन्ही हिशेब मांडून मगच सही करा.

पास-नापास पद्धतीच्या कोर्सांचं वेगळं आहे. ‘पास’ म्हणजे किमान सी, असं ट्रान्सक्रिप्टच्या मागच्या बाजूच्या टिपेत लिहिलेलं असेल तर सहसा अडचण येत नाही. वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीसारख्या क्षमतेवर आधारित ऑनलाइन विद्यापीठात ग्रेडच नसते, पण तिथला पास म्हणजे किमान बी, जीपीए ३.०, असं विद्यापीठ स्वतः जाहीर करतं. तिथून पुढे मास्टर्सला जाताना हा खुलासा हाताशी ठेवा. कोर्सगणिक ग्रेड मागणाऱ्या ठिकाणी तो लागतो.

भारतातली गुणपत्रिका

भारतात बीकॉमची दोन वर्षं झाली, लग्न झालं, अमेरिकेत आलो, आता पदवी पुरी करायची आहे: अशा वाचकांसाठी हा भाग.

परदेशी गुणपत्रिका कॉलेज सहसा थेट वाचत नाही. ‘नेसेस’ या संघटनेची सदस्य असलेली मूल्यमापन संस्था लागते. डब्ल्यूईएस आणि ईसीई ही त्यांतली ठळक नावं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे चुकीचा अहवाल मागवणं. ‘डॉक्युमेंट बाय डॉक्युमेंट’ अहवाल स्वस्त असतो, पण त्यात फक्त ‘दोन वर्षांचं कॉलेज शिक्षण’ एवढंच येतं. क्रेडिट हवी असतील तर ‘कोर्स बाय कोर्स’ अहवालच लागतो, ज्यात प्रत्येक विषयाची क्रेडिट्स आणि ग्रेड येते. पैसे भरण्याआधी कॉलेजला विचारा, ते कोणत्या संस्थेचा अहवाल मानतात. सगळ्यांचा चालतोच असं नाही.

टक्क्यांना बिचकू नका. ६२ टक्के म्हणजे अमेरिकी पद्धतीने डी, असा हिशेब तुम्हीही करू नका आणि अर्जातही लिहू नका. भारतातला फर्स्ट क्लास ६० ला लागतो हे या संस्थांना ठाऊक असतं आणि बऱ्याच भारतीय विद्यापीठांसाठी ६० च्या वरचे गुण ए मध्ये धरले जातात. अर्जात गुण मूळचे तसेच लिहायचे, रूपांतर त्यांच्यावर सोडायचं.

एटीकेटी लागली असेल तर सगळ्या प्रयत्नांच्या गुणपत्रिका द्या. नंतर सुटलेल्या विषयाची एकटी गुणपत्रिका दिली तर त्या सेमिस्टरच्या बाकीच्या विषयांचं काय झालं, असा प्रश्न निघतो आणि फाइल अडून राहते. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून थेट किंवा सीलबंद पाकिटात जावा लागतो. पाकीट तुमच्या हाती आलं तरी ते फोडायचं नाही, फोडलं की कागद बाद.

तीन वर्षांची भारतीय पदवी पूर्ण असेल तर चित्र बदलतं. काही मूल्यमापन संस्था ती ठरावीक अटींवर अमेरिकी बॅचलरच्या बरोबरीची धरतात, काही फक्त तीन वर्षांचं शिक्षण. तुम्हाला दुसरी बॅचलर करायची असेल तर पहिला निकाल अडचणीचा ठरू शकतो, कारण पहिली बॅचलर असलेल्याला अमेरिकी केंद्र सरकारचं पेल ग्रँट हे अनुदान मिळत नाही. पाहिजे काय, मास्टर्सला प्रवेश की बॅचलरची क्रेडिट्स, हे ठरवून मगच अहवाल मागवा.

आणि अभ्यासक्रमाची प्रत. ‘फायनान्शियल अकाउंटिंग पेपर १’ एवढ्या नावावरून इथल्या प्राध्यापकाला काही कळत नाही आणि तो कोर्स इलेक्टिव्हच्या पोत्यात टाकतो. त्या वर्षीचा अधिकृत अभ्यासक्रम, घटकवार विषय, तास आणि क्रमिक पुस्तकाचं नाव असलेली प्रत दिली तर तोच कोर्स मेजरमध्ये बसू शकतो. भारतात असलेल्या नातेवाइकांना कॉलेजच्या कार्यालयात पाठवायचंच असेल तर ट्रान्सक्रिप्टबरोबर हेही काम सांगा.

परीक्षा देऊन मिळणारी क्रेडिट्स

कॉलेज बोर्डाच्या क्लेप परीक्षा ही प्रौढ विद्यार्थ्याच्या हातातली सर्वांत स्वस्त चावी आहे. २० ते ८० मध्ये गुण असतात आणि अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची (एसीई) शिफारस बहुतेक विषयांत ५० ला क्रेडिट देण्याची आहे. कॉलेज मात्र स्वतःची रेषा ठरवू शकतं, आणि काही ठिकाणी ती जास्त असते. नापास झालात तर त्याच विषयाची परीक्षा तीन महिने पुन्हा देता येत नाही, म्हणून शेवटच्या सेमिस्टरवर हे ढकलू नका. मॉडर्न स्टेट्स ही विनानफा संस्था मोफत तयारीचे कोर्स देते आणि कोर्स पुरा केला की परीक्षेच्या फीचं व्हाउचरही.

क्लेप देण्याआधी तीन गोष्टी तपासा. जुन्या कोर्सशी ती एकाच विषयाची नाही ना? इंग्लिश कॉम्पोझिशनची क्रेडिट्स आधीच असतील तर परीक्षेला दुसऱ्यांदा क्रेडिट मिळत नाही. कॉलेज परीक्षेतून जास्तीत जास्त किती क्रेडिट्स घेतं? आणि ‘शेवटची ३० क्रेडिट्स आमच्याकडेच’ अशी अट असेल तर त्या ३० मध्ये क्लेप चालते का? सहसा नाही.

घरबसल्या करायचे एसीईच्या शिफारशीचे कोर्स विकणाऱ्या कंपन्याही आहेत. कोर्स वाईट नसतात, पण तिथे शिफारस आहे, हक्क नाही. घेणारं कॉलेज नक्की झाल्यावरच पैसे भरा. लष्करी सेवा केलेल्यांचं प्रशिक्षण ‘जॉइंट सर्व्हिसेस ट्रान्सक्रिप्ट’वर येतं, हवाई दलाचं वेगळ्या, कम्युनिटी कॉलेज ऑफ द एअर फोर्सच्या ट्रान्सक्रिप्टवर. नोकरीतल्या अनुभवाची फाइल तयार करून क्रेडिट मागण्याची पद्धतही आहे, तिला पोर्टफोलिओ म्हणतात. ‘मी वीस वर्षं हिशेब बघतोय’ एवढ्यावर काही मिळत नाही. एखाद्या नेमक्या कोर्सात जे शिकवतात ते मला येतं, हे कागदांनिशी दाखवावं लागतं.

रेसिडेन्सी आणि अपर डिव्हिजन

‘रेसिडेन्सी’ हा शब्द दोन अर्थांनी येतो आणि त्यात लोक गोंधळतात. राज्याचा रहिवासी म्हणून कमी फी, हा एक अर्थ. इथे आपल्याला दुसरा हवा: पदवी देणाऱ्या कॉलेजात स्वतः केलेली किमान क्रेडिट्स. ३० हा सर्वत्र दिसणारा आकडा आहे. दक्षिणेकडच्या राज्यांतल्या सदर्न असोसिएशनचा नियम असा, की पदवीची किमान २५ टक्के क्रेडिट्स त्याच संस्थेत झाली पाहिजेत. १२० ची २५ टक्के म्हणजे तेच ३०. ऑनलाइन केली तरी ही ‘रेसिडेन्सी’ पुरी होते, कॅम्पसवर राहायची गरज नाही.

प्रौढांसाठीच काढलेली काही कॉलेजं मात्र यात फार सैल आहेत. न्यूयॉर्कचं एक्सेलसियर १२० पैकी ११३ पर्यंत बाहेरची क्रेडिट्स घेतं. कनेक्टिकटचं चार्टर ओक सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन कोर्स, ६ क्रेडिट्स, स्वतःकडे करायला लावतं. न्यू जर्सीचं थॉमस एडिसन स्टेट याच पठडीतलं. ज्यांच्याकडे तीन-चार कॉलेजांची मिळून ९०-१०० क्रेडिट्स विखुरलेली आहेत, त्यांनी आधी इथे विचारावं आणि मग गावातल्या विद्यापीठाकडे वळावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

याहून जास्त लोक अडकतात ते अपर डिव्हिजनमध्ये. पदवीतली ३० ते ४५ क्रेडिट्स वरच्या पातळीची, म्हणजे साधारण ३०० आणि ४०० क्रमांकाच्या कोर्सांची हवी असतात. कम्युनिटी कॉलेजचा कोर्स खालच्याच पातळीचा मानला जातो, मग आशय तोच का असेना. कम्युनिटी कॉलेजात ९० क्रेडिट्स गोळा करून आलेल्याला यामुळे पदवीसाठी ३० नव्हे, ४५ करावी लागू शकतात.

कोर्सचं वयही बघतात. इतिहास, इंग्रजी, समाजशास्त्र सहसा शिळं होत नाही. शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र अशा विषयांना नर्सिंगमध्ये पाच ते सात वर्षांची मुदत लावणारी कॉलेजं बरीच आहेत, आणि संगणकाच्या कोर्सलाही मुदत असते. मुदत संपली तर विभागप्रमुखाकडून ‘चॅलेंज एक्झाम’ची परवानगी मागा. कोर्स पुन्हा करण्यापेक्षा ती परीक्षा परवडते.

काम कोणत्या क्रमाने

सगळ्यात आधी प्रत्येक जुन्या कॉलेजचा अनऑफिशियल ट्रान्सक्रिप्ट काढा आणि एका तक्त्यात प्रत्येक कोर्स उतरवा: कॉलेज, त्या वेळची मान्यता, वर्ष, कोर्स क्रमांक, नाव, क्रेडिट्स, सेमिस्टर की क्वार्टर, ग्रेड. शेवटचा रकाना मोकळा ठेवा, ‘कुठे बसला’ यासाठी. वाईट ग्रेडचं कॉलेज लपवू नका. अर्जात सगळी कॉलेजं लिहिणं बंधनकारक असतं, आणि देशभरच्या प्रवेशनोंदी ठेवणाऱ्या नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाऊसच्या नोंदीत ते दिसू शकतं. लपवलेलं सापडलं तर दिलेला प्रवेशही रद्द होतो.

जुन्या कॉलेजची फी थकली म्हणून ट्रान्सक्रिप्ट अडवला असेल तर हार मानू नका. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये असं अडवायला कायद्याने बंदी आहे. शिवाय जुलै २०२४ पासूनच्या केंद्रीय नियमाने, ज्या सत्रासाठी सरकारी आर्थिक मदत मिळाली आणि त्या सत्राची सगळी फी भरलेली आहे, त्या सत्राची क्रेडिट्स असलेला ट्रान्सक्रिप्ट कॉलेजला द्यावा लागतो. रजिस्ट्रारला लेखी अर्जात हा नियम नमूद करा.

मग दोन-तीन कॉलेजांकडून अर्जाआधीचं प्राथमिक मूल्यमापन मागा. प्रौढांचे ऑनलाइन कार्यक्रम चालवणारी कॉलेजं ते बहुधा फुकट करून देतात. एकाच राज्यात बदलत असाल तर आधी राज्याची सोय बघा: कॅलिफोर्नियात ‘असिस्ट’ या साइटवर कम्युनिटी कॉलेजचा कोणता कोर्स सरकारी विद्यापीठात कशाच्या जागी बसतो ते दिसतं, आणि फ्लोरिडा व टेक्सासमध्ये कोर्स क्रमांकांची राज्यभर समान पद्धत आहे. ॲडव्हायझरला विचारायचा प्रश्न ‘किती क्रेडिट्स घेणार?’ हा नाही. ‘या मेजरच्या डिग्री ऑडिटमध्ये प्रत्येक कोर्स कुठे दाखवता ते लेखी द्याल का?’ हा आहे. (डिग्री ऑडिट म्हणजे पदवीच्या कोणत्या अटीत कोणता कोर्स बसला, याचा तक्ता.) फोनवरच्या ‘होऊन जाईल’ला काही किंमत नाही.

आर्थिक मदत घेत असाल तर इथेच एक खाचखळगा आहे. पदवी कार्यक्रमात घेतलेली बाहेरची क्रेडिट्स मदतीच्या हिशेबात ‘प्रयत्न केलेली’ आणि ‘पुरी केलेली’ अशा दोन्ही रकान्यांत जातात. एकूण प्रयत्नांची मर्यादा कार्यक्रमाच्या दीडपट, म्हणजे १२० साठी १८०. कोणी ११० क्रेडिट्स जमा करून दिली आणि नवी पदवी पुरी करायला अजून ७५ लागणार असतील, तर १८५ होतात आणि शेवटच्या सत्रात मदत थांबते. अशा वेळी पदवीच्या उपयोगाची नसलेली क्रेडिट्स मोजणीतून वगळता येतील का, हे फायनान्शियल एड ऑफिसला विचारा. नाही म्हणाले तर त्यांच्याकडे अपील करता येतं.

ऑफिशियल ट्रान्सक्रिप्ट पाठवल्यानंतर मूल्यमापनाला काही आठवडे लागतात. त्या काळात रजिस्ट्रेशन उघडतं, आणि ‘प्रीरिक्विझिट (आधी लागणारा कोर्स) नाही’ म्हणून कोर्स लॉक दिसतो. घाईत खालचा कोर्स पुन्हा घेऊ नका. एकाच विषयाचं क्रेडिट एकदाच मिळतं, म्हणून नव्याने घेतलात की जुनं काढून टाकतात, आणि फी मात्र जाते. अनऑफिशियल ट्रान्सक्रिप्ट जोडून विभागाकडून ओव्हरराइड, म्हणजे कोर्स उघडून देण्याची परवानगी, मागा.

निकाल पटला नाही तर

पहिलं मूल्यमापन हे बहुतेकदा एका कर्मचाऱ्याने कोर्सच्या नावावरून घाईत केलेलं काम असतं. त्याला अपील असतं, पण सगळा तक्ता घेऊन भांडू नका. जिथे खरा फरक पडतो ते दोन-तीन कोर्स निवडा, म्हणजे मेजरमध्ये बसायला हवे होते पण इलेक्टिव्हमध्ये गेले ते. प्रत्येकासाठी वेगळा अर्ज: डावीकडे जुन्या कोर्सचे आठवडावार विषय, उजवीकडे नव्या कॉलेजच्या कोर्सचे, आणि जुळणाऱ्या विषयांवर खूण. सोबत त्या वर्षीचा सिलॅबस, क्रमिक पुस्तकाचं नाव, उपलब्ध असल्यास जुन्या असाइनमेंट्स. अर्ज ॲडमिशन ऑफिसला नव्हे, त्या विषयाच्या विभागप्रमुखाला जायला हवा. कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये (नियम-अटींच्या पुस्तिकेत) अपिलाची मुदत असते आणि ती बऱ्याचदा पहिल्या सत्रातच संपते.

निकाल बदलला की डिग्री ऑडिटची नवी प्रत काढून तारखेसह जपून ठेवा. प्रवेश घेतला त्या वर्षीच्या कॅटलॉगच्या अटी तुम्हाला लागू राहतात, पण मध्येच खंड पडला आणि पुन्हा प्रवेश घ्यावा लागला, तर नवा कॅटलॉग लागतो आणि कष्टाने बसवलेला एखादा कोर्स पुन्हा बाहेर पडू शकतो. एखादं सत्र सोडावंच लागलं तर न सांगता गैरहजर राहू नका. ‘लीव्ह ऑफ ॲब्सेन्स’चा अर्ज सत्र सुरू होण्याआधी भरून ठेवा.